शंभर व्होल्टचा संसार

ओसाकाचं घर आवरायला काढलं तेव्हा बायकोने तीन रंगांच्या चिठ्ठ्या आणल्या. हिरवी म्हणजे पुण्याला न्यायचं, पिवळी म्हणजे कुणाला तरी द्यायचं, लाल म्हणजे टाकायचं. कपडे, भांडी, पुस्तकं दोन दिवसांत उरकली. विजेच्या सामानापाशी मात्र गाडी अडली. मी मोटारींच्या वायरिंगमधला इंजिनिअर, त्यामुळे ते खातं आपोआप माझ्याकडे आलं. एका शनिवारी मी एकेक वस्तू पालथी घालून तिच्या बुडावरचं लेबल वाचत बसलो.

जपानी लेबलांवर दोन शब्द सारखे भेटतात: कोकुनाई सेन्यो. फक्त देशांतर्गत वापरासाठी. राइस कुकरवर तेच, इस्त्रीवर तेच, हेअर ड्रायरवर तेच. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत आकडे, एसी १०० व्होल्ट. लॅपटॉपचा, फोनचा आणि कॅमेऱ्याचा चार्जर तेवढे सज्जन निघाले. त्यांच्यावर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं स्पष्ट छापलेलं होतं. त्यांना हिरवी चिठ्ठी लावताना विचार करावा लागला नाही. पिन बदलली की काम झालं.

बाकीच्यांचं तसं नव्हतं. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात, जपानात १००. हीटर असलेल्या वस्तूला सव्वादोन पटीहून थोडं जास्त व्होल्टेज दिलं, तर तिची शक्ती तेवढीच वाढेल असं वाटतं. पण इथे वर्गाचा हिशेब लागतो, २.३ गुणिले २.३. बाराशे वॉटचा ड्रायर २३० वर सहा हजारांच्या वर जाऊ पाहतो, आणि जाता जाता तुमचे केस किंवा घरातला फ्यूज, यातलं काहीतरी सोबत नेतो. ड्रायरला लाल चिठ्ठी लागली. इस्त्रीलाही. टीव्हीचा प्रश्नच नव्हता. जपानचं डिजिटल प्रक्षेपण वेगळ्या पद्धतीचं, त्यात आत घालायचं त्यांचं कार्ड वेगळं. पुण्यात तो नुसता काळा आरसा झाला असता.

हे सगळं व्होल्टेजचं झालं. व्होल्टेज सगळ्यांना कळतं. दुसरा आकडा, हर्ट्झचा, म्हणजे वीज सेकंदाला किती आवर्तनं घेते त्याचा, कुणी वाचत नाही. मीही वाचला नसता, पण तो मला जपानातच एकदा भोवला होता.

२०१२ मध्ये मी योकोहामात आलो. तिथल्या एका सीनियरने भारतात परत जाताना त्याचा मायक्रोवेव्ह मला दिला. तीन वर्षं त्यावर मी आयुष्य काढलं. २०१५ मध्ये ओसाकाला बदली झाली आणि सामान भरताना ऑफिसातला एक जपानी सहकारी तो मायक्रोवेव्ह बघून म्हणाला, "हा तिकडे नेऊ नकोस." मला वाटलं जुना आहे म्हणून म्हणतोय. त्याने मागचं लेबल दाखवलं. '५० हर्ट्झसाठीच.' ओसाकात वीज ६० हर्ट्झची आहे.

एकाच देशात दोन प्रकारची वीज असते यावर माझा तोपर्यंत विश्वास नव्हता. कारण एकोणिसाव्या शतकातलं आहे. तोक्योच्या वीज कंपनीने १८९५ मध्ये जर्मनीच्या एईजीकडून जनित्रं घेतली, ती ५० हर्ट्झची. ओसाकाच्या कंपनीने पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून घेतली, ती ६० ची. दोन्हीकडची जाळी वाढत गेली आणि शिजुओका प्रांतातल्या फुजी नदीच्या आसपास समोरासमोर येऊन थांबली. आजही थांबलेलीच आहेत. मार्च २०११ च्या भूकंपानंतर तोक्योच्या बाजूला ठरवून वीज बंद ठेवावी लागली. पश्चिमेकडे वीज होती, पण ती पूर्वेला पाठवायला फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या केंद्रांतून जावं लागायचं आणि त्यांची एकूण क्षमता तेव्हा सुमारे दहा लाख किलोवॉट एवढीच होती. योकोहामातले शेजारी मला त्या अंधाराच्या गोष्टी सांगायचे, तेव्हा त्यातला हर्ट्झचा भाग मी नीट ऐकलाच नव्हता.

मायक्रोवेव्ह शेवटी मोठ्या कचऱ्यात गेला. त्यासाठी दुकानातून नगरपालिकेची चिठ्ठी विकत घेऊन त्याच्या कपाळावर चिकटवावी लागते, म्हणजे टाकायलाही पैसे. ओसाकात नवा घेतला त्यावर ठळक लिहिलं होतं 'हेरुत्सु फुरी', हर्ट्झ-मुक्त. आत इन्व्हर्टर असतो, म्हणजे आलेल्या विजेची आवर्तनं स्वतः नव्याने ठरवणारं सर्किट, त्यामुळे बाहेर ५० आहेत की ६० याचं त्याला सोयरसुतक नसतं.

तर २०१९ मध्ये पुण्याला निघताना हिरवी चिठ्ठी मिळालेल्या, पण पुण्यात थेट न चालणाऱ्या वस्तू दोनच उरल्या. एक राइस कुकर आणि दुसरा माझा रेकॉर्ड प्लेअर. बॅटरीवर चालणारा खिशातला रेडिओ बाबांसाठी घेतला होता, त्याला व्होल्टेजची भीती नव्हती. त्याची वेगळीच गंमत पुढे झाली.

"एका भाताच्या कुकरसाठी एवढा खटाटोप?" असं माझ्या मावसभावाने फोनवर विचारलं. तो न्यू जर्सीहून आदल्या वर्षी परतला होता. त्याने सल्ला दिला की विमानतळावर मुठीएवढा कन्व्हर्टर मिळतो, सोळाशे वॉटचा, घेऊन टाक. तो घेऊ नये. ते खोकं व्होल्टेज उतरवत नाही, विजेच्या लाटेचे तुकडे कापून सरासरी खाली आणतं. साध्या इस्त्रीच्या तारेला ते चालतं. ज्याच्या आत सर्किट बोर्ड आहे त्याला ते चाललंच तर नशिबाने. मावसभावाकडेही ऐकण्यासारखं प्रकरण होतं. त्याने उशाशी ठेवायचा घड्याळवाला रेडिओ आणला होता. ट्रान्सफॉर्मर लावून तो सुरू झाला, पण घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडायला लागलं. ते घड्याळ विजेच्या आवर्तनांची मोजदाद करून सेकंद ठरवत होतं. सेकंदाला साठ यायची त्याची अपेक्षा, आपल्याकडे येतात पन्नास. रेडिओवर ९८.३ छान लागायचं, विविध भारतीचं १०१ मात्र नाही. अमेरिकेत एफएमची स्टेशनं १००.९, १०१.१ अशी विषम दशांशांवरच असतात, त्यामुळे तो काटा १०१.० वर थांबायलाच तयार नव्हता. मावशी रोज सकाळी १००.९ वरची खरखर ऐकत बसायची.

पुण्यात आल्यावर मी बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेलो. पहिल्या दुकानात ११० व्होल्टचा तयार ट्रान्सफॉर्मर पुढे आला. अमेरिकेहून परतलेल्यांनी ती बाजारपेठ घडवली आहे. मी म्हणालो १०० चा हवा. दुकानदार म्हणाला, "दहाने काय होतंय साहेब?" दहा टक्के व्होल्टेजने हीटरची शक्ती एकवीस टक्के वाढते. शिवाय आमच्या सोसायटीत रात्री अकरानंतर २४५ व्होल्ट मी स्वतः मीटरवर पाहिले होते. ट्रान्सफॉर्मर म्हणजे स्टॅबिलायझर नव्हे. आत जास्त आलं की बाहेरही त्याच प्रमाणात जास्त जाणार. म्हणजे ११० च्या ठिकाणी ११७.

तिसऱ्या दुकानात एक गृहस्थ भेटले, वय साठीचं, चष्मा कपाळावर. त्यांनी आधी माझी उलटतपासणी घेतली. काय चालवणार? किती वॉट? किती वेळ? मोटर आहे का? बाराशे वॉटचा कुकर म्हटल्यावर म्हणाले, "दोन केव्हीए घ्या, दीडवर रोज भाजेल." मग वाइंडिंग, म्हणजे आतले तारेचे वेढे, तांब्याची की ॲल्युमिनियमची. तांब्याची महाग, पण दोघांत तुलना करण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं. शेवटचा प्रश्न, ऑटो ट्रान्सफॉर्मर की वेगळ्या दोन वाइंडिंगचा? ऑटोमध्ये एकच वाइंडिंग असते, मधेच एक फाटा काढून १०० घेतात. आकाराने निम्मा, वजनाला हलका, स्वस्त. पण त्या वाइंडिंगचा खालचा भाग कधी तुटला तर अख्खे २३० सरळ पलीकडच्या वस्तूत जातात. मी वेगळ्या वाइंडिंगचा सांगितला. ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "दहा दिवस लागतील. न्यायला गाडी आणा." गाडी आणली ते बरं केलं.

घरी तो ओट्याखाली बसला. सुरू केला की एक खोल हुंकार येतो. आईने पहिल्याच दिवशी त्याला 'म्हसोबा' म्हटलं आणि तेच नाव राहिलं. काही जोडलेलं नसलं तरी तो थोडा कोमट असतो, म्हणजे फुकटची वीज खातो. त्यामुळे काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायचं अशी शिस्त ठरली. इलेक्ट्रिशियनने ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर जपानी पद्धतीच्या दोन चपट्या पिनांचा सॉकेट बसवून दिला.

इथे माझी चूक झाली. जपानी पिन चपटी, आपला सॉकेट गोल भोकांचा, त्यामुळे चुकूनही कुणी थेट लावू शकणार नाही असं मी धरून चाललो. पण आपल्या घरोघरी ते 'युनिव्हर्सल' एक्स्टेन्शन बोर्ड असतात, ज्यांत जगातली कुठलीही पिन बसते. चपटीसुद्धा.

एका रविवारी आम्ही बाहेर होतो. बाबांना वाटलं, आल्या आल्या सगळ्यांना गरम भात द्यावा. बाबा निवृत्त बँकवाले, कुकरची जपानी बटणं त्यांनी वहीत चित्रं काढून पाठ केली होती. तांदूळ धुतला, पाणी रेघेपर्यंत घातलं, आणि म्हसोबाचं बटण सापडेना म्हणून पिन शेजारच्या बोर्डात लावून पाहिली. बसली. मग तो लोखंडी गोळा कशाला पोसलाय, असं त्यांच्या मनात आलं असणार. फट्ट असा आवाज झाला आणि जळका वास आला. आम्ही पोचलो तेव्हा बाबा दिवाणावर बसून होते आणि आई दार उघडायला आली तीच "त्यांना काही बोलू नकोस" म्हणत.

कुकर मेला असं मी धरून चाललो होतो. सोसायटीजवळ टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्त करणारं एक दुकान आहे. त्या माणसाने कुकर उघडला, बोर्डावर बोट फिरवलं आणि एक निळी, शेंगदाण्याएवढी, फुटलेली चकती दाखवली. व्हॅरिस्टर. ठरावीक व्होल्टेजपर्यंत तो गप्प असतो, त्याच्या वर गेलं की स्वतः वाट करून देतो, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो. आमच्या व्हॅरिस्टरवर २७१ लिहिलं होतं, २७ वर एक शून्य, म्हणजे २७० व्होल्ट. आपले २३० हे सरासरीच्या हिशेबातले, लाटेचं टोक ३२५ पर्यंत जातं. "याने जीव दिला म्हणून बाकीचं वाचलं," तो म्हणाला.

त्याच्या डब्यात ४७१ चे व्हॅरिस्टर होते, आपल्याकडच्या वस्तूंना लागणारे. तो बसवून कुकर लगेच चालला असता. मी नको म्हणालो. ४७१ वाला पुढच्या चुकीच्या वेळी नुसता बघत राहिला असता आणि अख्खा बोर्ड गेला असता. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू पुढची चूक मी आधीच ठरवून ठेवली आहे. मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मित्राला पाठवून २७१ चे चार मागवले. एकेकाची किंमत काही रुपये. तीन अजून डब्यात आहेत. युनिव्हर्सल बोर्ड स्वयंपाकघरातून हद्दपार झाले, आणि बायकोने कुकरच्या पिनेवर लाल नेलपॉलिशने १०० असा आकडा काढला.

भाताबद्दल एवढंच की कुकर जपानी तांदळासाठी बनलेला आहे, त्यामुळे बासमती त्याला झेपत नाही. चिखल करतो. मावळातला इंद्रायणी घातला की त्याला ओसाकाची आठवण येत असावी. रेघा 'गो' या मापाच्या आहेत, एक गो म्हणजे १८० मिली. आमच्या घरातली आमटीची वाटी जवळजवळ तेवढीच निघाली.

त्या प्रकरणानंतर बाबा महिनाभर माझ्या कुठल्याही यंत्राला हात लावेनात. रेडिओही तसाच पडून होता, कारण त्यात एफएमवर काही लागतच नव्हतं. जपानात एफएमचा पट्टा ७६ पासून सुरू होऊन पूर्वी ९० मेगाहर्ट्झला संपायचा. त्याच्या वरची जागा तिथे टीव्हीच्या वाहिन्यांकडे होती. आपली सगळी नेहमीची स्टेशनं ९१ च्या पुढे. चकतीचा रेडिओ असल्याने काटा ९० च्या जरा पलीकडे ढकलला तर फिल्म इन्स्टिट्यूटचं ९०.४ पुसटसं ऐकू यायचं, तेही गॅलरीच्या एका कोपऱ्यात. मग मी मीडियम वेव्हचं बटण दाबलं. मीडियम वेव्हवर जपान आणि भारत दोघेही नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने स्टेशनं ठेवतात. ७९२ वर आकाशवाणी पुणे खणखणीत लागलं. बाबांनी रेडिओ कानाला लावला आणि सकाळच्या प्रादेशिक बातम्या होईपर्यंत काढला नाही.

रेकॉर्ड प्लेअर मी सगळ्यात शेवटी काढला. ओसाकाच्या निप्पोनबाशीत जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची रांग आहे, तिथे घेतलेला. जुना, पट्ट्याने फिरणारा. व्होल्टेजचा प्रश्न सुटला होता, म्हसोबाला जोडला, आजोबांची नाट्यसंगीताची तबकडी लावली. सूर आला, पण काहीतरी खचलेलं. मला वाटलं तबकडी जुनी, पट्टा ढिला. आतल्या खोलीतून बाबा आले. काही न बोलता त्यांनी पेटी काढली, भाता उघडला, एक स्वर दाबला, दुसरा दाबला.

"हा गवई काळी एकमध्ये गातो," ते म्हणाले. "इथे काळी पाचच्याही किंचित खाली गेलाय. वय झालं म्हणून कुणी तीन स्वर उतरत नाही."

मी कागद काढला. ६० हर्ट्झसाठी जुळवलेली मोटर ५० वर चालवली तर वेग सहाला पाच या प्रमाणात उतरतो. मिनिटाला सव्वातेहतीसच्या जवळपास फिरायची तबकडी अठ्ठावीसही भरत नव्हती. स्वरांच्या भाषेत तीन अर्धस्वर आणि वर चिमूटभर. बाबांनी ते पेटीवर माझ्या आधी काढलं होतं. आणि ट्रान्सफॉर्मरचा इथे काही उपयोग नव्हता. तो व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ जसे आले तसेच पुढे पाठवतो.

मग आठवलं. प्लेअर घेताना त्या म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं होतं, कुठे वापरणार? ओसाकात म्हटल्यावर त्याने मोटरवरची पितळी कप्पी काढून दुसरी बसवली आणि काढलेली एका पुडीत घालून दिली. "पूर्वेला बदली झाली तर लागेल." विजेच्या बाबतीत जपान दोन तुकड्यांत विभागलेला, म्हणून तिथले कारखाने दोन्ही मापांच्या कप्प्या देत आले. मोटर सावकाश फिरते तिथे कप्पी मोठी, की पट्टा तेवढाच पळतो. हर्ट्झच्या हिशेबाने पुणे तोक्योच्या बाजूला पडतं.

पुडी सापडायला तीन दिवस गेले. मुलीच्या ओरिगामीच्या डब्यात होती, तिने ती कप्पी कागदी बदकाला टोपी म्हणून घातली होती.

कप्पी बदलली, पण वेग बरोबर आला का हे कानावर सोडायचं मनात नव्हतं. त्यासाठी १८० रेघांची एक गोल चकती कागदावर छापून तबकडीवर ठेवतात. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, आणि त्या उजेडात वेग अचूक असेल तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. मी दिवाणखान्यात चकती फिरवली. नुसता करडा पट्टा. आम्ही घरभर एलईडी लावलेत, त्यांचा उजेड हलतच नाही. सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या. शेवटी आई म्हणाली, मागच्या गॅलरीत जुनी ट्यूब आहे, चोकवाली, ती बघ.

रात्री साडेनऊला गॅलरीत कपडे वाळवायच्या दोरीखाली स्टूल, स्टुलावर प्लेअर, म्हसोबापासून ओढलेली वायर, आणि आम्ही चौघं वाकून बघतोय. ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली. रेघा हळूहळू सरकत होत्या, मग जवळजवळ थांबल्या. बाबांनी पेटी आतून आणलीच होती. काळी एक दाबून ठेवली.

परवा सोसायटीचा इलेक्ट्रिशियन आला होता. म्हणाला, ती मागची ट्यूब आता बदलून टाकू, एलईडी बसवतो, बिल कमी येईल. मी काही बोलायच्या आत बाबांनीच त्याला जिन्यापर्यंत पोचवलं.